गोल्फ मैदानालगतची घरखरेदी : विकत मिळणारे आणि न मिळणारे हक्क

सारांश

गोल्फ मैदानालगतच्या घरासाठी खरेदीदार जी जादा किंमत देतो, ती प्रामुख्याने समोरच्या मोकळ्या हिरव्या जागेसाठी असते. मात्र ही जागा खरेदीखताने त्याच्या मालकीची होत नाही. त्यामुळे अशा घराचा विचार करताना सदनिकेच्या कागदपत्रांइतकेच महत्त्व मैदानाच्या मालकीला, भाडेपट्ट्याला आणि विकास आराखड्यातील नोंदीला दिले पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी महाराष्ट्रातील काही उदाहरणे, संबंधित कायदे आणि प्रत्यक्ष पाहणीचे मुद्दे येथे मांडले आहेत.

बीजसंज्ञा : घरखरेदी, गोल्फ मैदान, मोकळी जागा, सुविधाधिकार, विकास आराखडा, अभिहस्तांतरण.

१. प्रस्तावना

नवापूर तालुक्यातील विसरवाडी हे सुरत-धुळे महामार्गावरील गाव. येथून गोल्फ मैदान पाहावयाचे तर लांबचा प्रवास करावा लागतो. अशा गावातील महाविद्यालयाच्या नियतकालिकात हा विषय का घ्यावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या व्यवसायाच्या वस्तुस्थितीत आहे. ग्रामीण व आदिवासी भागात सेवा करणारे अनेक प्राध्यापक मुलांच्या शिक्षणासाठी किंवा निवृत्तीनंतरच्या वास्तव्यासाठी नाशिक, पुणे, नवी मुंबई अशा शहरांत घर घेतात. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदानावर आधारित योजना लागू झाली. त्यामुळे या पिढीसाठी घर म्हणजे निवाऱ्याबरोबरच आयुष्यभराच्या बचतीचा सर्वांत मोठा भाग ठरते.

या शहरांतील घरांच्या जाहिरातींत 'गोल्फ मैदानाचे दर्शन' हे शब्द वारंवार आढळतात. खरेदीदार सुट्टीच्या दिवशी जातो, गच्चीतून समोरची हिरवळ पाहतो आणि निर्णय घेतो. परंतु त्याने पाहिले काय आणि त्याच्या नावावर होणार काय, या दोहोंत अंतर असते. ते अंतर स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. गोल्फ मैदान व वसाहत : पार्श्वभूमी

भारतात गोल्फ हा खेळ ब्रिटिश अधिकारी व व्यापाऱ्यांबरोबर आला. कोलकात्याचा क्लब १८२९ साली, तर मुंबईचा १८४२ साली स्थापन झाला. चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा आहे. पुण्यात येरवडा येथील मैदान प्रसिद्ध असून तेथील चौकालाही गोल्फ क्लबचेच नाव पडले आहे. ही मैदाने आखली गेली तेव्हा ती वस्तीपासून दूर होती. पुढे शहरे वाढत त्यांच्याभोवती आली. म्हणजेच येथे मैदान आधी आणि घरे नंतर असा क्रम होता.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा क्रम बदलला. घरे विकली जावीत म्हणून मैदान आखण्याची पद्धत भारतात रूढ झाली. गुरुग्राम येथील गोल्फ मैदानाभोवतीच्या उंच इमारती हे तिचे ठळक उदाहरण होय. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅली आणि पुण्याजवळील काही नगरवसाहतींत हीच कल्पना अवलंबिली गेली.

अठरा होलच्या पूर्ण मैदानास साधारणतः पन्नास ते साठ हेक्टर जागा लागते. एवढी मोठी जागा शहरात मोकळी राहिली की तिच्या कडेच्या घरांना उजेड, वारा, शांतता आणि दृश्य लाभते. त्याच वेळी एवढी मोठी मोकळी जागा बांधकामाच्या दृष्टीनेही अतिशय मूल्यवान असते. त्यामुळे ती मोकळी राहणे गृहीत धरता येत नाही. या विषयातील बहुतेक प्रश्नांचे मूळ येथेच आहे.

३. दृश्याची किंमत आणि दृश्याचा हक्क

विषय स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, सारख्याच क्षेत्रफळाच्या दोन सदनिका आहेत. रस्त्याकडील सदनिका ९० लाख रुपयांस, तर मैदानाकडील १ कोटी ५ लाख रुपयांस मिळते. हा १५ लाखांचा फरक भिंती, फरशी किंवा जमिनीतील हिश्श्याचा नसून केवळ दृश्याचा आहे. ही रक्कम ८.५ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जातून उभी केल्यास दरमहा सुमारे १३ हजार रुपये हप्ता येतो आणि एकूण परतफेड सुमारे ३१ लाख रुपयांची होते. वीस वर्षे ज्यासाठी हप्ता भरावयाचा, ते दृश्य वीस वर्षे टिकेल याची हमी कोण देतो, हा मूळ प्रश्न आहे.

कायद्याची भूमिका या बाबतीत स्पष्ट आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ नुसार एखाद्या इमारतीस सलग वीस वर्षे, शांततेने व अडथळ्याविना उजेड आणि हवा मिळत आली असल्यास तो हक्क दृढ होतो. दृश्याला असे संरक्षण नाही. इंग्लंडमध्ये १६१० सालच्या ऑल्ड्रेड खटल्यातच न्यायालयाने हा भेद केला होता. उजेड व हवा या गरजेच्या बाबी असून सुंदर दृश्य ही केवळ आनंदाची बाब आहे, म्हणून ते गेल्याबद्दल दावा चालणार नाही, असे त्याचे तात्पर्य होते. सारांश, समोर उद्या रीतसर परवानगीने इमारत उभी राहिली तर 'आमचे दृश्य गेले' एवढ्या कारणावर ती थांबविता येत नाही.

नव्या प्रकल्पाच्या बाबतीत स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ काही अंशी साहाय्यभूत होतो. जाहिरातीतील वा माहितीपत्रकातील चुकीच्या विधानामुळे नुकसान झाल्यास कलम १२ नुसार भरपाई मागता येते. मंजूर आराखड्यात व सामाईक जागांत बदल करण्यासाठी कलम १४ नुसार दोन-तृतीयांश खरेदीदारांची संमती लागते. मात्र हे मैदान त्याच प्रकल्पाचा नोंदविलेला भाग असेल तरच या तरतुदीचा उपयोग होतो. शेजारच्या क्लबचे मैदान जाहिरातीच्या चित्रात दाखविले, म्हणून ते प्रकल्पाचा भाग होत नाही. शिवाय जुन्या वसाहतीतील पुनर्विक्रीच्या घरात विक्रेता हा विकासक नसून एक सामान्य सदनिकाधारक असतो. तेथे या अधिनियमाचा आधार सहसा मिळत नाही.

४. मैदान कोणाचे? चार शक्यता

उपरोक्त विवेचनावरून मैदानाची मालकी तपासणे का आवश्यक आहे, हे लक्षात येईल. स्थूलमानाने पुढील चार परिस्थिती आढळतात.

(अ) क्लबकडे भाडेपट्ट्याने असलेली जमीन : अनेक जुने क्लब शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या जमिनीवर भाडेपट्ट्याने आहेत. भाडेपट्ट्याला मुदत असते. मुंबईतील महालक्ष्मी रेसकोर्स हे गोल्फचे उदाहरण नव्हे, परंतु तत्त्व समजण्यास ते उपयुक्त आहे. सुमारे २११ एकरांच्या त्या जागेचा भाडेपट्टा २०१३ साली संपला. दीर्घ चर्चेनंतर २०२४ मध्ये ९१ एकर जागा क्लबकडे ठेवून १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे देण्याचा निर्णय झाला. तेथे जागा मोकळी राहण्याच्या दिशेने निर्णय झाला. पण तो निर्णय भोवतालच्या घरमालकांच्या हाती नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

(आ) सार्वजनिक प्राधिकरणाचे मैदान : खारघर येथील गोल्फ मैदान सिडकोने उभारले. सिडकोच्याच व्हॅली शिल्प या गृहसंकुलातील सदनिका त्याच परिसरात आहेत. प्राधिकरणाच्या मालकीमुळे मैदान एकाएकी विकले जाण्याची भीती कमी असते. तथापि जमीनवापर बदलण्याचा अधिकारही शासनव्यवस्थेकडेच असतो. नेरूळ-सीवूड्स परिसरातील प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. तेथील पाणथळ जागेवर गोल्फ मैदान व निवासी बांधकाम करण्याचा प्रस्ताव होता. पर्यावरणप्रेमी नागरिकांनी त्यास आव्हान दिले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. गोल्फ मैदान म्हणजे निसर्गरक्षण असे समीकरण मांडता येत नाही, तसेच नियोजित मैदानाच्या भरवशावर आधीच किंमत मोजणे धोक्याचे असते, हे दोन्ही मुद्दे यातून स्पष्ट होतात.

(इ) विकासकाच्या मालकीचे मैदान : नगरवसाहतीत मैदान, रस्ते, पाणी आणि सुरक्षा या सर्व गोष्टी एकाच कंपनीच्या हाती असतात. कंपनीची आर्थिक स्थिती बिघडल्यास सर्वच सेवांवर परिणाम संभवतो. सहारा समूहाच्या गुंतवणूकदारांच्या पैशांसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ॲम्बी व्हॅलीच्या जप्तीचे व लिलावाचे आदेश दिले होते. घरमालकाने हप्ते वेळेवर भरले असले तरी वसाहतीचे भवितव्य मूळ कंपनीच्या देण्यांशी जोडलेले राहू शकते. अमेरिकेतही २००६ नंतर दीर्घकाळ दरवर्षी नवीन मैदानांपेक्षा बंद पडणाऱ्या मैदानांची संख्या अधिक राहिली आणि बंद मैदानांच्या जागेवर घरे बांधण्यावरून जुन्या रहिवाशांचे वाद उद्भवले.

(ई) केवळ नाव उरलेले मैदान : नाशिकचे 'गोल्फ क्लब मैदान' आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. त्याचे आजचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असून तेथे क्रिकेटचे रणजी सामने झाले आहेत. सकाळ-सायंकाळी नागरिक तेथे फिरावयास येतात. गोल्फ गेला, नाव लोकांच्या तोंडी राहिले आणि मोकळी जागाही राहिली. अर्थात वापर बदलला की शांततेचे स्वरूपही बदलते. सामने, सभा आणि प्रदर्शने यांची गर्दी व ध्वनिक्षेपक हा त्याचाच भाग होय. तरीही खेळ टिकण्यापेक्षा जागा सार्वजनिक राहणे रहिवाशांच्या दृष्टीने अधिक मोलाचे असते, असे या उदाहरणावरून म्हणता येईल.

मालकीबरोबरच विकास आराखडाही पाहावा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार मैदानाची जागा 'मनोरंजन', 'हरित', 'निवासी' यांपैकी कोणत्या विभागात आहे, याचा झोन दाखला व भाग नकाशा नगररचना कार्यालयातून मिळतो. खासगी जागेवर सार्वजनिक आरक्षण असले तरी ते कायम राहतेच असे नाही. कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. कलम ३७ अन्वये आराखड्यात फेरबदलही होऊ शकतो. त्यासाठी हरकती व सूचना मागविल्या जातात. मैदानाशेजारी राहणाऱ्याने अशा सूचनांकडे नित्य लक्ष ठेवणे इष्ट होय.

५. प्रत्यक्ष जागेची पाहणी

कागदपत्रांखेरीज काही बाबी केवळ प्रत्यक्ष पाहणीतूनच कळतात. जुन्या वसाहतीचा मोठा लाभ असा की तेथे झाडे वाढलेली असतात, खेळाचे मार्ग ठरलेले असतात आणि शेजाऱ्यांना वर्षानुवर्षांचा अनुभव असतो.

पहिली बाब चेंडूची. गोल्फचा चेंडू सुमारे ४६ ग्रॅम वजनाचा, पण कठीण असतो आणि पहिल्या फटक्यात तो दोनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवख्या खेळाडूचा फटका बहुधा उजवीकडे वळतो. म्हणून जेथून पहिला फटका मारतात त्या जागेपासून दीडशे-दोनशे मीटरवर आणि खेळमार्गाच्या उजव्या बाजूस असलेल्या घरांना सर्वाधिक धोका असतो. प्रारंभस्थानाच्या मागील किंवा उंचावरील घरे तुलनेने सुरक्षित असतात. खिडक्यांच्या जाळ्या, वाहनतळावरील छपरे आणि कुंपणालगतच्या उंच जाळ्या या बोलक्या खुणा होत. नुकसान झाल्यास भरपाई कोण देतो, हे सोसायटीच्या सचिवांना विचारावे. इंग्लंडमधील मिलर विरुद्ध जॅक्सन (१९७७) या खटल्यात जुन्या क्रिकेट मैदानाशेजारी नव्याने राहावयास आलेल्या कुटुंबाची तक्रार न्यायालयाने ग्राह्य मानली व भरपाई दिली. परंतु खेळ थांबविण्याचा आदेश देण्यास नकार दिला. मैदानाशेजारी घर घेणाऱ्याने त्याचे काही परिणाम सोसण्याची तयारी ठेवावी, असा बोध यातून घेता येतो.

दुसरी बाब पाण्याची. हिरवळ उन्हाळ्यातही हिरवी ठेवण्यासाठी भरपूर पाणी लागते. ते प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचे आहे की कूपनलिकांचे, याची चौकशी करावी. मैदान आणि सोसायटी एकाच भूजलावर अवलंबून असतील तर टंचाईच्या वर्षी ताण निर्माण होतो. हिरवळीवर खते व कीटकनाशके फवारली जातात. दमा असलेल्या व्यक्ती व लहान मुले घरात असल्यास फवारणीच्या वेळा विचाराव्यात. मैदानाचा उतार वसाहतीकडे असल्यास पावसाळ्यात पाणी कोठे जाते, हे जुलै-ऑगस्टमध्ये जाऊन पाहणे उत्तम.

तिसरी बाब प्रवेशाची. घर घेतले म्हणजे क्लबचे सदस्यत्व मिळाले, असा समज आढळतो. साधारणतः सदस्यत्व स्वतंत्र असते, त्याचे शुल्क वेगळे असते आणि ते घराबरोबर हस्तांतरित होत नाही. कुंपणापलीकडे फिरावयास जाण्याची मुभाही सदस्येतरांस सहसा नसते. ज्या कुटुंबास रोज चालावयास मोकळी जागा हवी, त्याला महापालिकेचे उद्यान गोल्फ मैदानापेक्षा अधिक उपयोगी पडू शकते.

६. जुन्या सोसायटीतील कागदपत्रे

प्रस्थापित वसाहतीतील सदनिका बहुधा पुनर्विक्रीची असते. तेथे पुढील गोष्टी तपासाव्यात.

१) विक्रेत्याच्या नावापर्यंतची करारांची अखंड साखळी, सूची क्रमांक २, भागपत्र आणि किमान तीस वर्षांचा वकिलाचा शोध अहवाल.

२) इमारतीखालील जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे काय? महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम, १९६३ नुसार ते विकासकाचे कर्तव्य आहे. ते न केल्यास मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग उपलब्ध आहे. मालमत्ता पत्रकावर कोणाचे नाव आहे, हे स्वतः पाहावे.

३) भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांतील सुसंगती. मैदानाकडील गच्ची बंद करून खोली वाढविल्याचे पुष्कळदा आढळते. असे वाढीव क्षेत्र अनधिकृत असू शकते.

४) संरचनात्मक तपासणीचा अहवाल. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा तपासणी अपेक्षित आहे.

५) पुनर्विकासाची शक्यता. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयानुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांहून अधिक सभासदांच्या संमतीने पुनर्विकासाची प्रक्रिया पुढे नेता येते. पुनर्विकासात आपल्याला नेमकी मैदानाकडील सदनिका मिळेल, हे करारात लिहिल्याखेरीज गृहीत धरू नये. शेजारच्या सोसायटीचा मनोरा आपल्यापुढे उभा राहण्याचाही संभव असतो.

६) खर्चाच्या बाबी. ५० लाख वा अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदाराने १ टक्का प्राप्तिकर कापून भरावयाचा असतो. सोसायटीच्या हस्तांतरण शुल्कास २००१ पासून २५ हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. 'ऐच्छिक देणगी' म्हणून त्याहून अधिक रक्कम मागितल्यास नियमाची प्रत मागावी.

७. आपल्या परिसराच्या संदर्भात

नवापूर तालुका संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतो. येथील आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीकडे हस्तांतरित करण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ नुसार कठोर निर्बंध आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची व शासनाची पूर्वमान्यता नसल्यास असा व्यवहार टिकत नाही. शहरातील मोकळ्या जागेचा भाव पाहून घाटालगत विश्रांतिगृह वा बंगल्यांचे भूखंड पाडण्याचे प्रस्ताव कोणी आणल्यास ही तरतूद प्रथम आठवावी. आदिवासी नावाने जमीन घेऊन पैसा दुसऱ्याने लावण्याचा मार्ग कायद्याच्या व नीतीच्या दोन्ही कसोट्यांवर चुकीचा आहे.

यात एक विरोधाभासही दिसून येतो. शहरातील रहिवासी समोरची जागा मोकळी राहावी म्हणून लाखो रुपये मोजतो, पण त्या जागेविषयी त्याला कोणताही अधिकार मिळत नाही. उलट आपल्या भागात पेसा कायदा (१९९६) व त्याखालील महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी ग्रामसभेला गावाच्या साधनसंपत्तीविषयी अधिकार दिले आहेत. मोकळी जागा टिकविण्याचे खरे साधन सामूहिक हक्क हेच असते. ही बाब अर्थशास्त्र, भूगोल व राज्यशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांपुढे आवर्जून मांडण्याजोगी आहे.

८. निष्कर्ष

१) गोल्फ मैदानालगतच्या घराची जादा किंमत ही दृश्याची किंमत असते आणि दृश्याचा कायदेशीर हक्क खरेदीदाराला मिळत नाही.

२) मैदानाची मालकी, भाडेपट्ट्याची उर्वरित मुदत आणि विकास आराखड्यातील विभाग यांची तपासणी केल्याशिवाय जादा किंमत देऊ नये.

३) खासगी मैदानापेक्षा सार्वजनिक मालकीची व मनोरंजन विभागात नोंदलेली मोकळी जागा अधिक भरवशाची असते.

४) चेंडू, पाणी, फवारणी व प्रवेश यांविषयीची माहिती जाहिरातीत मिळत नाही. ती जुन्या रहिवाशांकडूनच मिळते.

समोरचे मैदान उद्या नाहीसे झाले तरी हे घर याच किमतीस घ्यावेसे वाटेल काय, असा प्रश्न खरेदीदाराने सही करण्यापूर्वी स्वतःस विचारावा. उत्तर होकारार्थी असल्यास घर अवश्य घ्यावे आणि हिरवळ दिसेल तोवर तिचा आनंदही घ्यावा. उत्तर नकारार्थी असल्यास रस्त्याकडील सदनिका घेऊन उरलेली रक्कम निवृत्तीसाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल.